मदाचा चढ आणि उतार

रंगमंचावर दारू प्यायलेला माणूस उभा करणे वरवर पाहता सोपे वाटते, कारण अडखळणारे पाय, जड जीभ आणि तारवटलेले डोळे एवढे भांडवल कोणत्याही हौशी नटाकडे असते. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायातील भरताचे विवेचन वाचले म्हणजे मात्र हे भांडवल किती अपुरे आहे ते ध्यानात येते. स्थायी भावाच्या अनुषंगाने येणाऱ्या-जाणाऱ्या 33 व्यभिचारी भावांत भरताने ‘मद’ गणला आणि त्याच्या तरुण, मध्य व अवकृष्ट अशा तीन पायऱ्या सांगितल्या : पहिलीत चेहऱ्यावर हसू, किंचित अडखळते बोलणे आणि सुकुमार, डुलती चाल, दुसरीत फिरणारे डोळे, सैल पडून भलतीकडे फेकले जाणारे हात आणि वाकडी पावले, तिसरीत स्मृतिनाश, उचकी, ओकारी आणि टाळूला चिकटलेली जीभ. उत्तम प्रकृतीचा माणूस मदात झोपतो, मध्यम हसतो-गातो, अधम शिव्या देतो आणि रडतो, असेही तेथे म्हटले आहे. ही वर्गवारी वरच्या वर्गाला जरा जास्तच सोयीची आहे, हे उघड आहे.

नटाच्या दृष्टीने खरा मोलाचा नियम त्यापुढचा आहे. जे पात्र प्रेक्षकांसमोर पिते त्याचा मद चढत जावा, जे पिऊनच प्रवेश करते त्याचा मद उतरत जावा आणि भय, शोक किंवा हर्षाचे कारण घडले तर तो क्रमाने नाहीसा व्हावा, असे भरत सांगतो. याचा अर्थ असा की, एकाच पातळीवर थांबलेली झिंग रंगमंचावर चालत नाही. प्रेक्षक झिंग पाहत नसतो, तिच्यातला बदल पाहत असतो. म्हणूनच जाणता नट तोल जाण्याचा अभिनय करण्याऐवजी तोल सावरण्याचा अभिनय करतो : पेला ठेवण्याआधी मेजाची कड डोळ्यांनी शोधतो, सोपा शब्द गरजेपेक्षा स्पष्ट उच्चारतो, प्रश्न ऐकल्यावर उत्तराला क्षणभर उशीर लावतो आणि हा उशीर दर पेल्यागणिक वाढवत नेतो. पेल्यात बहुधा कोरा चहा किंवा सरबत असते, त्यामुळे घशाला बसलेला चटकाही त्याला स्वतःच निर्माण करावा लागतो.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ने हा चढ एका प्रवेशापुरता न ठेवता पाच अंकांवर पसरवला. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 मध्येच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा सुधाकर गणपतराव बोडसांनी आणि त्याची पत्नी सिंधू बालगंधर्वांनी साकारली. सनद काही काळ रद्द झाल्याच्या अपमानाने पोळलेल्या सुधाकर या बुद्धिमान वकिलाच्या हाती पहिला पेला देणारा त्याचा कारकून तळीराम बहुतेक वेळा पिऊनच वावरतो. त्याची झिंग ठरून गेलेली असल्यामुळे तिच्यावर हसता येते. सुधाकराची झिंग मात्र वाढत जाते, मध्ये पश्चात्तापाने ओसरते आणि पुन्हा अधिक खोल रुजते, म्हणून त्याच्याकडे पाहून हसणे हळूहळू अशक्य होते. उत्तम प्रकृतीच्या मद्यप्याला भरताने झोप दिली होती. गडकऱ्यांनी त्याच्या हाती काठी दिली, तिच्या घावाने त्याचे तान्हे मूल मरते, आणि मदाने प्रकृतीची उतरंडच मोडून पडते. नाटकातील मद्यपाननिषेधाच्या भाषणांपेक्षा ही रचना अधिक परिणाम करते.

हिंदी चित्रपटाने तळीरामाचाच वारसा अधिक चालवला. मुंबईत बस कंडक्टर असलेले बद्रुद्दीन काझी व्हिस्कीच्या नावावरून जॉनी वॉकर झाले आणि स्वतः दारू न पिता पडद्यावरचे दारुडे म्हणून गाजले; पुढे केश्टो मुखर्जींनी तर जवळजवळ तेवढ्याच भूमिकेवर कारकीर्द उभी केली. पडद्यावर नटाची अडचण वेगळीच असते. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने चौथ्या पेल्यानंतरचा प्रसंग सकाळी आणि पहिल्या पेल्याचा दुपारी घेतला जाऊ शकतो, आणि कोणत्या क्षणी जीभ किती जड, पापणी किती खाली, याचा हिशेब त्याला प्रेक्षकांच्या प्रतिसादाविना ठेवावा लागतो. भरताचा चढ-उताराचा नियम तेथे संकलकाच्या मेजावर पुरा होतो.