कांद्यातले अँटिऑक्सिडंट मोजतात कसे?

बाजारात हल्ली अनेक पावडरींच्या डब्यांवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असे छापलेले असते. डबा महाग असतो. पण घरात कुणी आजारी असले की माणूस पदरमोड करून घेतो. म्हणून हे अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते मोजतात कसे आणि त्या आकड्यातून काय कळते, हे आपण समजून घेऊ या.

अन्नापासून ऊर्जा तयार होताना शरीरात काही अस्थिर रेणू निर्माण होतात. ते आजूबाजूच्या रेणूंकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पेशींचे नुकसान करतात. अँटिऑक्सिडंट स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करते. आवळ्यातले क जीवनसत्त्व, हळदीतले करक्युमिन, कांद्यातले क्वेर्सेटिन ही त्याची उदाहरणे.

जो पदार्थ इलेक्ट्रॉन सहज देतो, तो विजेच्या साहाय्याने मोजता येतो. कांद्याच्या अर्कात कार्बनचा इलेक्ट्रोड बुडवून विजेचा दाब हळूहळू वाढवतात. ठरावीक दाबाला क्वेर्सेटिन इलेक्ट्रॉन सोडते आणि सूक्ष्म प्रवाह वाहतो. दाबावरून पदार्थ ओळखतात, प्रवाहावरून त्याचे प्रमाण. घरी रक्तातली साखर तपासण्याची बहुतेक यंत्रेही असा प्रवाह मोजूनच आकडा दाखवतात. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी प्रागचे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांना १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण अशी, की अर्कात इलेक्ट्रॉन देणारे इतर पदार्थही असतात. साध्या इलेक्ट्रोडवर त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात आणि प्रवाहही क्षीण असतो. म्हणून इलेक्ट्रोडवर ग्राफीन किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थर देतात. ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. एक ग्रॅम ग्राफीनचे पृष्ठफळ सुमारे २६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २६ गुंठे भरते! जागा वाढली की जास्त रेणू चिकटतात, प्रवाह वाढतो आणि अगदी थोडे क्वेर्सेटिनही पकडता येते. अर्कात किंवा पावडरीत एखादा पदार्थ खरोखर किती आहे, हे तपासायला ही पद्धत उपयोगी आहे.

पण ही मोजणी काचेच्या भांड्यातली आहे, शरीरातली नाही. खाल्लेल्या क्वेर्सेटिनचा थोडाच भाग रक्तात पोहोचतो, तोही आतड्यात आणि यकृतात रूप बदलून. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची यादी २०१२ साली मागे घेतली. कारण पूरक औषधांच्या जाहिरातींत तिचा गैरवापर होत होता. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष १९९४ साली आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला.

तेव्हा वाचकहो, एवढे लक्षात ठेवू या :

● डब्यावरचा आकडा म्हणजे रोग बरा होण्याची हमी नव्हे.

● बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. खरा फायदा व्यसन सोडण्यात आहे.

● क्वेर्सेटिन कांद्याच्या बाहेरच्या थरांत जास्त असते. वरची कोरडी साल तेवढीच काढावी, जाड पाकळी फेकू नये. पांढऱ्या कांद्यापेक्षा लाल कांद्यात ते अधिक असते.

● भाजी उकळलेले पाणी ओतून न देता आमटीत वापरावे.

● डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून पावडर सुरू करू नये.