संगणकाचा वेग आणि बिघाडाचे कारण



आपल्या वस्तीतील मुले आता सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवतात. त्यांपैकी काहीजण प्रोसेसर कंपनीने ठरविलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवितात. यालाच ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. १९९८ सालचा इंटेलचा सेलेरॉन ३००ए यासाठी गाजला. त्याची ६६ मेगाहर्ट्झची बस १०० वर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चाले. परंतु वेग वाढविल्यावर संगणक मध्येच बंद पडू लागला, निळा पडदा दिसू लागला, तर काय करावे?

प्रथम कार्यकारण समजून घेऊ. ५ गिगाहर्ट्झ वेग म्हणजे प्रत्येक ठोक्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा केवळ पाचवा हिस्सा. तेवढ्यात आतील मंडलांचे काम पुरे झाले नाही, तर उत्तर चुकते. व्होल्टेज वाढविल्यास काम लवकर उरकते. पण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२० व्होल्टचे १.३० केले तर वेग तोच असूनही खप सुमारे १७ टक्के वाढतो आणि तेवढी उष्णताही वाढते.

आता शोधाची रीत पाहू. बँकेत दिवसाचा हिशेब जुळला नाही तर आम्ही एकेक नोंद तपासतो, दोन आकडे एकदम बदलत नाही. येथेही तोच नियम लागू आहे.

१) महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी.

२) बायॉसमधील सर्व मांडणी मूळ स्थितीत आणावी. रॅमचे एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करावे, कारण तेही ओव्हरक्लॉकिंगच होय. तरीही बिघाड होत असेल तर दोष वाढविलेल्या वेगाचा नाही. रॅम, वीजपुरवठ्याचा डबा किंवा पंखा तपासावा.

३) रॅमसाठी मेमटेस्ट८६+ काही तास चालवावे. एकही चूक दिसली तरी पुढे जाऊ नये.

४) तापमान पाहावे. अनेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आपणहून वेग कमी करतात. तसे होत असल्यास हीटसिंक नीट बसला आहे का, थर्मल पेस्ट सुकली आहे का, हे पाहावे.

५) मग गुणक एकानेच वाढवून प्राइम९५ चालवावे व निकाल वहीत लिहावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी दिसू लागल्या तर मर्यादा जवळ आली असे समजावे. तेव्हा व्होल्टेज चढवीत बसण्यापेक्षा एक पायरी खाली यावे.

कधी कधी दोष वापरणाऱ्याचा नसतोही. इंटेलचे १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वेग न वाढविताही कोलमडत होते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, असे कंपनीने २०२४ साली सांगितले, बायॉसद्वारे सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अशा सुधारणेने बरा होत नाही. म्हणून अशा संगणकाचे बायॉस अद्ययावत आहे ना, हे आधी पाहावे.

खरा धोका संगणक बंद पडण्याचा नाही. बंद पडला तर कळते तरी. अस्थिर प्रोसेसर न थांबताही चुकीचे लिहून ठेवतो. फाइल उघडते, पण आतील आकडा बदललेला असतो. ज्या संगणकावर मुलीचा प्रबंध, जात पडताळणीच्या कागदांच्या प्रती किंवा संस्थेचा जमाखर्च आहे, तो ठरलेल्या वेगानेच चालू द्यावा. प्रयोगासाठी वेगळा संगणक असावा.

कारणाशिवाय कार्य घडत नाही व कारण दूर केले की कार्य थांबते, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. यंत्र बिघडले की नशिबाला दोष देणे किंवा दुकानदार सांगेल तो भाग मुकाट्याने बदलणे, दोन्ही तिच्याशी विसंगत आहेत. आमच्या तरुणांनी प्रयोग जरूर करावेत, पण वही हाती घेऊन करावेत.

जयभीम!