ग्राफिक्स प्रोसेसरचा आश्रय घेणारे मालवेअर : स्वरूप आणि दक्षता

प्रस्तावना :
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या नोंदी, अंतर्गत गुण आणि संशोधनाची आधारसामग्री आज संगणकावरच जतन केली जाते. तिच्या रक्षणाची भिस्त आपण प्रामुख्याने अँटिव्हायरसवर ठेवतो. तथापि, ‘संगणक निर्धोक आहे’ हा त्याचा निर्वाळा कितपत ग्राह्य मानावा, असा प्रश्न ग्राफिक्स प्रोसेसरचा गैरवापर करणाऱ्या मालवेअरने उपस्थित केला आहे. प्रस्तुत लेखात या तंत्राचा परामर्श घेतला आहे.

तपासणीची मर्यादा :
१९९५ मध्ये पुण्यात काटकर बंधूंनी क्विक हीलची स्थापना केली, त्या काळात ज्ञात विषाणूंच्या खुणा फाइलींमध्ये शोधणे हाच अँटिव्हायरसचा मुख्य मार्ग होता. पुढे मुख्य मेमरी व प्रोग्रॅमचे वर्तन यांवरही लक्ष ठेवले जाऊ लागले. ग्राफिक्स कार्डाची मेमरी मात्र बहुधा स्वतंत्र असते आणि सर्वसाधारण अँटिव्हायरस ती तपासत नाही. नेमकी हीच उणीव मालवेअरच्या पथ्यावर पडते.

लपण्याचे तंत्र :
मालवेअरचा घातक भाग कूटबद्ध ठेवला जातो व तो उलगडण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसरवर सोपवले जाते. परिणामी फाइलीत केवळ निरर्थक भासणारे आकडे आढळतात. शिवाय तज्ज्ञ ज्या आभासी संगणकावर संशयित प्रोग्रॅमची परीक्षा करतात, त्यात अनेकदा खरा ग्राफिक्स प्रोसेसर नसतो; त्यामुळे कूट तेथे उलगडतच नाही.

ही शक्यता संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगाने दाखवून दिली. २०१३ मध्ये कळफलकावरील टंकलेखन टिपणारा प्रोग्रॅम ग्राफिक्स प्रोसेसरवर चालवून दाखवण्यात आला. २०१५ मध्ये लिनक्ससाठीचा ‘जेलीफिश’ हा प्रायोगिक नमुना प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये आढळलेल्या ‘कॉफीलोडर’ने हे तंत्र प्रत्यक्ष गुन्ह्यात आणले. त्याचे वेष्टन आसूस कंपनीच्या ‘आर्मरी क्रेट’ या उपयुक्त प्रोग्रॅमचे सोंग घेते.

तंत्राच्या मर्यादा :
ग्राफिक्स प्रोसेसर सर्वसाधारणपणे स्वतः फाइल उघडू शकत नाही वा इंटरनेटशी संपर्क साधू शकत नाही. त्याला काम देणारा प्रोग्रॅम मुख्य प्रोसेसरवरच चालावा लागतो. तसेच कॉफीलोडरसारख्या प्रकारात उलगडलेला भाग अखेरीस मुख्य मेमरीत परततो. म्हणजेच, लपण्याची जागा नवी असली तरी ये-जा जुन्याच वाटेने होते.

निष्कर्ष :
यावरून असे म्हणता येईल की, फाइलींच्या तपासणीपेक्षा प्रोग्रॅमच्या वर्तनावरील पाळत अधिक महत्त्वाची आहे. महाविद्यालयांनी अँटिव्हायरसमधील ही सोय सुरू ठेवावी. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर व पूरक प्रोग्रॅम निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. दैनंदिन कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरावे. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. अँटिव्हायरसचा निर्वाळा हा तपासाचा एक भाग होय. सुरक्षिततेचा अंतिम दाखला नव्हे.