कमावत्या दांपत्यांमधील कामाचा ताण

पती व पत्नी दोघेही अर्थार्जन करतात अशा कुटुंबात कामाच्या ठिकाणी निर्माण होणाऱ्या ताणाचा त्यांच्या परस्परसंबंधांवर होणारा परिणाम हा समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही शास्त्रांच्या अभ्यासाचा विषय आहे. रोना व रॉबर्ट रॅपोपोर्ट या दांपत्याने १९६९ मध्ये ‘दुहेरी कारकिर्दीचे कुटुंब’ ही संकल्पना मांडली. त्यांच्यासमोर प्रामुख्याने सुशिक्षित, व्यावसायिक वर्ग होता. भारतातील शेतकरी व मजूर कुटुंबांत मात्र दोघांनी राबणे ही नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळापत्रकांनुसार राबणे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत हे जुने व नवे असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात.

संकल्पना

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये काम व कुटुंब यांच्यातील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले: वेळेचा, ताणाचा आणि वर्तनाचा. पहिला सर्वांत उघड आहे. एका जागी दिलेला वेळ दुसऱ्या जागी देता येत नाही. दुसऱ्यात शरीर घरी पोहोचते, परंतु थकवा व चिंता सोबत येतात. तिसऱ्यात कामाच्या जागी उपयोगी पडणारी वागण्याची रीत, उदाहरणार्थ हुकूम देणे किंवा भावना लपवणे, घरात अपायकारक ठरते.

एकाच व्यक्तीचा ताण कामातून घरात येणे यास ‘पाझर’ म्हणता येईल. तो एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे जाणे यास ‘संक्रमण’. नियाल बोल्जर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दोन्ही तपासले. पतीवर कामाचा भार वाढला की पत्नी घरकाम वाढवून त्याची भरपाई करते, उलट दिशेने मात्र तशी भरपाई होत नाही, अशी विषमता त्यात दिसली. त्याच वर्षी रेना रेपेटी यांनी विमान वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी हे नियंत्रक घरी आल्यावर अबोल व अलिप्त होत असत. हा अबोला जोडीदाराला नाराजीसारखा वाटू शकतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा निव्वळ थकवा असतो.

दुसरी पाळी

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात नोकरीनंतर स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या घरकामास ‘दुसरी पाळी’ असे नाव दिले. भारतापुरते या पाळीचे मोजमाप राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात मिळते. घरातील माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के व पुरुषांमध्ये २६.१ टक्के होते. जे हे काम करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देत होते. यात नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही धरलेल्या आहेत, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

शहापूर-मुरबाड परिसर

या भागात ताण घरात शिरतो तो मुख्यतः अंतराच्या वाटेने. शेणवा व आसपासच्या गावांतून मुंबई-ठाण्यास नोकरीस जाणाऱ्यास आधी एसटी, जीप किंवा दुचाकीने आसनगाव स्थानक गाठावे लागते. तेथून मुंबई सीएसएमटीपर्यंत लोकलने सुमारे दोन तास जातात. कल्याणपुढे कसाऱ्याकडील गाड्या कमी असल्याने एक लोकल चुकली की संध्याकाळचे सारे गणित बिघडते. मुरबाड तालुक्यास रेल्वेच नाही. तेथील प्रवासी रस्त्याने कल्याण गाठतात. जाण्यायेण्यात रोज पाच-सहा तास घालवणाऱ्या माणसाला जोडीदाराशी बोलण्यासाठी उरतो तो जेवणानंतरचा अर्धा तास, आणि तोही बहुधा वीजबिल, मुलांची फी आणि उद्याचा डबा यांतच संपतो. अशा घरांत भांडणाचे कारण विचारले तर भाजीतले मीठ सांगितले जाईल. खरे कारण वेळापत्रकात असते.

भिवंडी-पडघा परिसरातील गोदामांत व औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत पाळ्यांनी काम चालते. पती रात्रपाळीस आणि पत्नी दिवसपाळीस असल्यास मुलांजवळ कोणीतरी असते, ही सोय खरी; पण दांपत्याची गाठ उंबरठ्यावरच पडते.

उन्हाळ्यात यात पाण्याची भर पडते. तानसा व भातसा ही मुंबईस पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, तरीही तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी भरणे हे स्त्रीचे काम मानले जात असल्याने अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका किंवा कारखान्यातील कामगार स्त्री यांची दुसरी पाळी या महिन्यांत पहाटेच सुरू होते.

वीटभट्टीवरील जोडी

याच तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. येथे मजूर म्हणून जोडपेच धरले जाते. उचल दोघांच्या श्रमावर घेतली जाते व मजुरी हजार विटांमागे ठरते. हिशेब मात्र बहुधा पुरुषाशी होतो. काम आणि घर यांत येथे अंतर नसते, कारण झोपडी भट्टीलगतच असते. तरी ताण कमी होत नाही. एक जण आजारी पडला की दोघांची मजुरी घटते आणि उचल फिटण्याचे लांबते. आजारपणाचा दोष मग जोडीदारावर येतो. नोकरदार वर्गावर बेतलेल्या अभ्यासांत या जोडप्यांना क्वचितच स्थान मिळते, ही त्या अभ्यासांची मोठी उणीव होय. उचलीच्या मोबदल्यात माणसाला अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमानुसार गुन्हा आहे.

बदल्या व रजा

जिल्हा परिषदेच्या शाळांत पती-पत्नी दोघेही शिक्षक असणे ग्रामीण भागात सर्रास दिसते. दोघांच्या शाळा दूर असल्यास एकाच्या मुक्कामी राहून दुसऱ्याने रोज प्रवास करणे किंवा दोन बिऱ्हाडे करणे एवढेच पर्याय उरतात. राज्य शासनाच्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणात याची दखल घेऊन ३० किलोमीटरहून अधिक अंतरावर नेमणूक असलेल्या दांपत्यांचा विशेष संवर्गात समावेश करण्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने शहापूर व मोखाडा हे लगतचे तालुके दोन जिल्ह्यांत गेले आहेत, आणि जिल्हा बदलणे हे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली मिळण्याहून अवघड असते.

प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. वीटभट्टीवरील स्त्रीपर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पुरुषास ती पत्नी हयात नसल्यास किंवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळली असल्यासच मिळते. मूल सांभाळणे हे आईचेच काम, हे गृहीतक या अटीत स्पष्ट वाचता येते.

ताण आणि हिंसा

कामाच्या ताणाने चिडचिड, अबोला, व्यसनाकडे ओढा व परस्परांविषयी उदासीनता येऊ शकते. मारहाण, धमकी किंवा पत्नीची कमाई काढून घेणे यांचे समर्थन मात्र ताणाच्या नावाखाली करता येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला असून त्यात शारीरिक छळाबरोबर आर्थिक छळाचाही समावेश आहे. पीडित स्त्रीस संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा १८१ या महिला मदत क्रमांकावर दाद मागता येते. केवळ मानसिक ताणाबाबत बोलावयाचे असल्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्त्री-पुरुष दोघांनाही उपलब्ध आहे.