चौऱ्याहत्तर चाकांची गाडी

मंडळी, सकाळी फाट्यावर येऊन पाहावे तर एसटी थांबलेली, मागे ट्रकांची रांग लागलेली, आणि समोरून माणसाच्या चालीने काहीतरी अजस्र धूड सरकत येत आहे, असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पुढे लाल निशाण लावलेली जीप, बाजूने लांब बांबू हातात घेतलेली माणसे, आणि मागे मोजता मोजता चुकावे इतकी चाके. पोरे पळत येतात, म्हातारी माणसे पारावरून उठतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतो, "आता काही हा रस्ता राहत नाही!"

असे एक धूड काही वर्षांपूर्वी आमच्या गावावरून गेले. कुठल्याशा कारखान्याचे यंत्र होते. ओढ्यावरच्या जुन्या दगडी कमानीच्या मोरीपाशी ते एक अख्खा दिवस थांबले. मग मोरीवर जाड पोलादी पत्रे अंथरून मुंगीच्या पावलांनी पलीकडे गेले. त्यानंतर आठ दिवसांनी मोरी ढासळली. पावसाळाभर एसटी बंद. दुधाचे कॅन डोक्यावरून पलीकडे न्यावे लागले, आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची शाळा दोन महिने बुडाली. त्यांतल्या दोघी पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. सगळ्या गावाचे एकमत होते की हे पाप त्या धुडाचे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, तरी मीही मान डोलावली. ती मान डोलावणे चूक होती. कसे, तेच आज सांगायचे आहे.

एक प्रश्न विचारतो. लोखंडी धावेची जुनी बैलगाडी आणि रबरी टायरची बैलगाडी यांपैकी जास्त ओझे कोण नेते? अर्थात टायरची. मग रस्ता जास्त कोण कापते? लोखंडी धावेची. धाव अरुंद आणि कडक असते. सगळा भार दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर येतो आणि चाकोरी पडते. टायर जमिनीवर पसरून बसतो. म्हणजे ओझे किती, हा प्रश्न रस्ता विचारतच नाही. ते माझ्यावर कसे ठेवता, एवढेच तो विचारतो.

आता एका खऱ्या गाडीची गोष्ट ऐका. तिरुअनंतपुरमला विक्रम साराभाई अवकाश केंद्र आहे. तेथे अग्निबाणांचे हलके पण मजबूत भाग भाजून काढण्यासाठी एक मोठे यंत्र हवे होते. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. आपल्या प्रेशर कुकरचाच तो थोरला भाऊ समजा: आत उष्णता आणि दाब, बाहेर जाड पोलादी कवच. हे यंत्र आपल्या नाशकात तयार झाले. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरांहून अधिक. कुकर मधोमध कापून पुन्हा जोडला तर त्यावर कोणी भरवसा ठेवील का? तसेच याचे. तुकडे करून नेण्याची सोय नव्हती. तेव्हा ७४ चाकांच्या गाडीवर ते जसेच्या तसे चढवले. २०१९ साली गाडी महाराष्ट्रातून निघाली आणि जुलै २०२० मध्ये तिरुअनंतपुरमला पोहोचली. सुमारे १,७०० किलोमीटरांना जवळजवळ एक वर्ष! सरासरी काढली तर दिवसाला पाच किलोमीटरांच्या आसपास. मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि गाडी काही काळ अडकून पडली, हे खरे. पण ती नसती तरी काही पंधरा दिवसांत पोहोचली नसती. बरोबर तीसेक माणसे होती. कुठे विजेच्या तारा उतरवायच्या, कुठे झाडे तोडायची, कुठे रस्ता नीट करून घ्यायचा, हेच त्यांचे वर्षभराचे काम.

या गाडीचे गणित मांडू. हिशेबाला सोपे जावे म्हणून गाडीसकट ओझे शंभर टन धरा. त्याला ७४ ने भागले की एका चाकावर सव्वा-दीड टन येतो. आता नेहमीचा मालट्रक घ्या. त्याच्या मागच्या आसाला चार चाके असतात. त्या आसावर कायद्याने पूर्वी १०.२ टन चालत. २०१८ साली ही मर्यादा ११.५ टन केली गेली. म्हणजे चाकामागे पावणेतीन टनांहून जास्त. कायद्याने चालणारा साधा ट्रकसुद्धा चाकाखालच्या डांबरावर त्या धुडाच्या दुप्पट भार टाकतो!

आणि कायद्याने न चालणारा? अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटवा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्करी चालकांकरवी मालगाड्या गोल गोल फिरवल्या. कोणत्या ओझ्याने रस्ता किती फेऱ्यांत खचतो, हे पाहायचे होते. त्यातून ठोकळ नियम निघाला, तो असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. सुमारे सोळापट होते. भार दीडपट केला तर झीज पाचपट. शिक्षक मंडळींनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे: दीड गुणिले दीड, असे चार वेळा. घातांक म्हणजे काय हे मुलांना फळ्यावर कळत नसेल तर खड्ड्यापाशी नेऊन कळेल.

तर मग शेजारी शेजारी लावलेल्या या चाकांवर भार सारखा कसा वाटला जातो? रस्ता काही परातीसारखा सपाट नसतो. एक चाक उंचवट्यावर आले की सगळे ओझे त्याच्यावर यावे, शेजारचे खड्ड्यात लोंबकळावे. साध्या ट्रकाच्या पाट्यांनी थोडेबहुत निभावते, इतक्या चाकांना ते पुरत नाही. येथे एक सुंदर युक्ती आहे. आपला गवंडी दोन भिंतींची पातळी कशी जुळवतो? पाण्याची पारदर्शक नळी घेतो. नळीतले पाणी एका टोकाला दाबले की दुसऱ्या टोकाला चढते. या ट्रेलरच्या प्रत्येक आसावर तेलाने भरलेले दट्टे असतात आणि ते नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक चाक उंचवट्यावर चढले की तिथले तेल दुसरीकडे सरकते, खड्ड्यातले चाक खाली उतरून जमिनीला टेकते, आणि दोघांवर दाब तेवढाच राहतो. सगळे दट्टे एकाच नळीत जोडले तर गाडी एका अंगाला कलंडेल. म्हणून त्यांचे तीन किंवा चार गट करतात. तीन कशाला? तिवई कधी डगमगत नाही, म्हणून.

हेच तेल वापरून ट्रेलरचा पाट थोडा वर-खाली करता येतो. चाकेही वळवता येतात. नुसती पुढची नव्हेत, मागचीसुद्धा. बांबूंनी भरलेली गाडी बोळात वळवताना मागची टोके कोणाच्या ओट्यावर घासतात, ठाऊक आहे ना? मागची चाके आतल्या बाजूला ओढली जातात. तीच अडचण येथे शंभरपट असते, म्हणून मागची चाके उलट दिशेला वळवून गाडी काढावी लागते.

डांबराची गोष्ट झाली. पुलाची निराळी. पूल चाक मोजत नाही. आपल्या अंगावर एका वेळी एकूण किती ओझे आहे, ते मोजतो. चाके वाढवून पुलाला फसवता येत नाही. मात्र ट्रेलर लांब असला की त्याचा काही भाग पुलाच्या अलीकडे, काही पलीकडे राहतो, आणि एका गाळ्यावर सगळे ओझे येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी सगळ्या वाटेची पाहणी करतात, परवानगी काढतात, प्रत्येक पुलाचे गणित करतात. पुलावर दुसरी गाडी येऊ देत नाहीत. मधोमध, अगदी सावकाश, ब्रेक न मारता जातात. कारण धक्का बसला की तेच ओझे क्षणभर वाढते. पूल अगदीच अशक्त असेल तर उन्हाळ्यात ओढ्यात नळ टाकून, मुरूम पसरून बाजूने कच्ची वाट काढतात.

उंचीची गोष्ट सगळ्यांत जिवावरची. साडेसात मीटर उंच ओझे कोणत्याही सामान्य उड्डाणपुलाखालून जात नाही; बाजूच्या रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. गावातल्या तारा वायरमन वीज बंद करून उतरवतो किंवा उचलून धरतो. रेल्वेच्या फाटकावर तर २५ हजार व्होल्टची तार असते. तिला शिवायचीही गरज नाही, फार जवळ गेले तरी वीज झेप घेते. तिथे रेल्वेने ठरावीक वेळ वीज बंद केल्यावाचून गाडी हलत नाही. म्हणून पोरांना एक सांगून ठेवा: असे ओझे गावात आले की लांबून पाहावे, वर चढायचे नाही, आणि बांबूने तार उचलणाऱ्याच्या मदतीला धावायचे नाही.

आता थोडे दूर जाऊ, कारण रस्त्याच्या पोटातले पाणी समजायला तिकडचे उदाहरण फार उपयोगी आहे. फिनलंड, स्वीडन या देशांत जंगलतोडीचे मोठे काम यंत्रे करतात. वीसेक टनांचे यंत्र झाडाला मिठी मारते, बुंध्याशी कापते, फांद्या सोलते आणि ओंडके पाडते; एका झाडाला मिनिटभरसुद्धा लागत नाही. जंगलात ते आपल्या चाकांवर फिरते. एका जंगलातून दुसऱ्यात न्यायचे झाले की ठेंगण्या ट्रेलरवर बसवतात. गंमत अशी की तिकडे अवजड वाहतुकीला कडाक्याची थंडी सोयीची. जमीन गोठून दगड झालेली असते. वसंतात वरचा बर्फ वितळतो, खालचा थर अजून गोठलेलाच असतो. पाण्याला खाली मुरायला वाट मिळत नाही आणि खडीचा रस्ता लापशी होतो. त्या काही आठवड्यांत रस्त्यांवर वजनाच्या मर्यादेच्या पाट्या लागतात आणि यंत्रे मुकाट्याने उभी राहतात.

आपल्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे डांबर तिच्याबरोबर वरखाली होते. मे महिन्यात ज्या रस्त्याने ओझे पेलले तोच ऑगस्टात पेलील असे नाही. आमच्याकडे वजनाची पाटी मात्र ऋतुमानाने बदलत नाही. बदलावी, असे माझे मत आहे.

आता पुन्हा आमच्या मोरीकडे. ती ढासळल्यावर बांधकामाचे एक अभियंते पाहणीला आले. मीही गेलो. त्यांनी कमानीचा एक दगड काढून माझ्या हातात दिला. भेगेत काळी माती गच्च बसलेली, आणि तीत गवताची मुळे. "गुरुजी, आठ दिवसांच्या भेगेत गवत रुजतं का?" त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. भेग किमान एका पावसाळ्याइतकी जुनी होती. त्या धुडाचा काहीच वाटा नव्हता असे ते म्हणाले नाहीत. पण ते पत्र्यांवरून एकदाच गेले होते. त्याच मोरीवरून दोन वर्षे रोज रात्री वाळूच्या गाड्या जात होत्या, फळीच्या वर शीग लावून. शिवाय हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवासुद्धा नाही. धूड दिवसाउजेडी सगळ्या गावाने पाहिले. वाळूच्या गाड्यांच्या वेळी गाव झोपलेले होते. आणि जे जागे होते त्यांपैकी काहींच्या त्या गाड्या होत्या, हेही सांगून टाकतो.

पुढच्या वर्षी तिथे सिमेंटच्या नळांची मोरी झाली आणि वजनाची पाटी लागली. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा पाटी होती, पण तिच्यावरचा आकडा खिळ्याने खरवडून काढलेला होता. शाळेच्या गुरुजींनी सातवीच्या मुलांकडून तो पुन्हा रंगवून घेतला, आणि मुलांनी शेजारी, कोणी न सांगता, लहान अक्षरांत दीडचा चौथा घात करून दाखवला आहे. उत्तर बरोबर आहे.