नभोवाणी व गांवचें श्रोतृमंडळ

शेतीविषयक भाषणें नभोवाणीवर पुष्कळ होतात. त्यांचा उपयोग किती, हें १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें अजमावून पाहिलें. आपल्या नाशिकसह पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवीं श्रोतृमंडळें स्थापून फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम ऐकविले. मंडळी भाषण ऐकून तेथेंच चर्चा करीत व शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढें मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पाहणी केली, तेव्हां मंडळाच्या गांवीं माहिती पुष्कळ वाढलेली, नुसत्या रेडिओच्या गांवीं थोडीच, असें आढळलें. यांत नवल तें काय? आपल्या चाळींतील कांदा कां सडला, हें विचारल्यावांचून वक्त्यास कसें कळावें? सोसायटीच्या कचेरींत आठवड्यांतून एक सायंकाळ असें मंडळ बसविण्यास खर्च फारसा नाहीं. प्रश्न टिपून ठेवणारा एक इसम मात्र हवा.