शेजारचें अरण्य

सुट्टी लागली म्हणजे आपल्याकडील मंडळींना ताडोबा, कान्हा अशीं दूरदूरचीं अरण्यें आठवूं लागतात. प्रकृति आणि पैसा अनुकूल असल्यास तीं अवश्य पाहावींत. परंतु मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना वनदर्शनासाठीं एवढे लांब जाण्याचें कारण नाहीं. शहराच्या पूर्वेस दिसणारे डोंगर सुमारें १०४ चौरस किलोमीटर विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतात. गेल्या नाताळांत आम्ही घरचीं पांच माणसें दोन दिवस तेथें हिंडून आलों.

पहिला दिवस घोडबंदरास दिला. अरबी घोडे या बंदरांत उतरत, म्हणून हें नांव. किल्ला पोर्तुगीजांचा, इ. स. १७३७ मध्यें तो मराठ्यांनीं घेतला आणि दोनच वर्षांनीं चिमाजीअप्पांनीं वसई सर केली. उत्तरेस वसईची खाडी आणि खाडीपार नागल्याचें रान. पाण्यानें तुटलेलें असलें तरी तेंही याच उद्यानाचा तुकडा आहे. नातवंडांना इतिहासाचें कौतुक बेताचेंच; तिवरांच्या चिखलांत एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यानें मात्र त्यांना अर्धा तास खिळवून ठेविलें.

दुसऱ्या दिवशीं आगगाडीनें बोरिवली गांठून कान्हेरीस गेलों. (सोमवारीं उद्यान बंद असतें, हें ध्यानांत असूं द्यावें.) कान्हेरी हा ‘कृष्णगिरी’चा अपभ्रंश, आणि तेथील काळा पाषाण पाहतां नांव यथार्थच आहे. लेणीं शंभराहून अधिक. तिसऱ्या लेण्याच्या ओसरींतील बुद्धाच्या भव्य मूर्तींपुढें सर्वच थबकतात; मला अधिक वेळ थांबविलें तें पाण्याच्या टांक्यांनीं. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलें आहे. कातळावर पडणारें पावसाचें पाणी चर खोदून टांक्यांत उतरविलें, आणि त्याच्या बळावर भिक्षु शतकानुशतकें या रानांत राहिले. श्वापदें तेव्हांही भोंवतीं होतींच.

परततांना उन्हें कललीं होतीं. एकाएकीं झाडांवरचे वानर खकरूं लागले. खालीं चरणाऱ्या चितळांनीं माना उंच केल्या. एका मादीनें पुढचा पाय आपटला. वनरक्षकानें आम्हांस हातानेंच थांबविलें. धाकट्यानें आजीचा पदर घट्ट धरला. दहा मिनिटें पानही हाललें नाहीं. मग वानर निवळले, आणि चार पावलांवर धुळींत पंजाचा ताजा ठसा दिसला. नखांची खूण नाहीं, म्हणजे कुत्र्याचा नव्हे.

“आजोबा, वाघ दिसलाच नाहीं!”

“अरे, आपण त्याच्या दारावरून जात होतों. त्यानें बाहेर यावें असें बंधन थोडेंच आहे?”

बिबळ्यास संस्कृतांत ‘द्वीपी’ म्हणतात. अमरकोशानें हा शब्द व्याघ्राच्या नांवांत घातला आहे. अंगावरचे ठिपके बेटांसारखे, म्हणून द्वीपी. आज त्याचें रानच इमारतींच्या समुद्रांतलें बेट झालें आहे. २०१५ च्या गणनेंत या अरण्यांत व आसपास ३५ बिबळे छायाचित्रांवरून ओळखले गेले. २००४ च्या जून महिन्यांत या परिसरांत बिबळ्यांनीं कित्येक माणसें मारलीं. ज्या घरांतलीं तीं गेलीं, त्यांच्यापुढें वनप्रेमाचें व्याख्यान कोण देईल? पण धरून दूर नेऊन सोडणें हाही उपाय नव्हे. विद्या अत्रेय यांनीं जुन्नर भागांतील अभ्यासावरून दाखविलें कीं, परक्या मुलखांत सोडलेल्या बिबळ्यांमुळें तेथील हल्ले उलट वाढतात. आणि तो वस्तीकडे येतो तो बहुधा माणसासाठीं नव्हे. भटकीं कुत्रीं हें त्याच्या आहाराचें एक मोठें अंग आहे, आणि कुत्रीं पोसतो आपला उकिरडा. पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला पुजतात, आणि संध्याकाळनंतर मुलांना एकटें बाहेर जाऊं देत नाहींत. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात, हें आम्हां शिकलेल्यांना अजून उमगावयाचें आहे.

आमच्या इमारतीमागें खरकटें टाकण्याची एक उघडी जागा आहे. रोज रात्रीं तेथें सात-आठ कुत्रीं जमतात, आणि तेथून डोंगराची कड फार दूर नाहीं. तेथें झांकणाच्या पेट्या आणाव्या, असा अर्ज परतल्यावर मीं चिटणिसांकडे दिला. महिना होत आला. उत्तर अद्याप नाहीं.